बिनमापाचं गाऱ्हाणं

५ जानेवारी १९८६

आलो बाई एकदाचे मुलुंडला. ही डायरी चंद्रप्रकाशने मस्कतहून पाठवली, त्याच्या कंपनीची आहे, पानापानावर अरबी अक्षरं. फोनवर म्हणाला, आई, तुला बोलायला माणूस लागतं आणि तिथे चाळ नसणार, तर यात लिहीत जा. लेक शहाणा आहे, बापावर गेला नाही.

घर झकास. तळमजला आम्ही हट्टाने मागून घेतला, कारण लालबागच्या जिन्यांनी माझ्या गुडघ्यांची वाट लावली होती. दोन खोल्या, मागे गॅलरी, गॅलरीतून डोंगर दिसतो. आणि घरात संडास. म्हातारपणी देव भेटला नाही तरी चालेल, संडास घरात हवा, हे मी आज ठामपणे लिहून ठेवते. ह्यांना तर त्याची किती गरज. गेल्या दिवाळीआधी ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून हात लुळा, पाय ओढत चालतात, तोंड एका बाजूला कलतं. चाळीत चार माणसं धरून न्यायची तेव्हा हे मान खाली घालायचे. एकेकाळी मिलच्या संघातून हुतूतू खेळणारा माणूस, सहदेव चढाईला निघाला की समोरचे मागे सरायचे म्हणे.

मी पंचावन्नची, हे एकसष्टचे. चणे मिळाले तेव्हा दात हलायला लागलेत, पण असू दे. खिडकीपाशी शिलाई मशीन लावलं. इथल्या बायकाही ब्लाऊज घालतच असतील.

९ जानेवारी

समोरच्या दारातली शुभा चांगली आहे. नवीन लग्न झालेलं, नवरा कचेरीत, दिवसभर एकटी. मला मालनताई म्हणते. सुईत दोरा ओवायला आता मला जमत नाही, तर ती सकाळी येऊन एका दमात सुयांची रांग ओवून उशीत टोचून जाते आणि मी दिवसभर त्या वापरते. मी तिला म्हटलं, तुझे डोळे उसने घेतलेत, परत मिळतील याची खात्री नाही.

म्हातारपण एकदम येत नाही, भाडेकरूसारखं एकेक खोली बळकावतं. आधी गुडघे, मग डोळे. केस मी काळ्या मेंदीने राखलेत. शिंक आली की लुगडं बदलावं लागतं, हे कोणी कोणाला सांगत नाही, मी डायरीला सांगते. पण मला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं ते ह्यांचं. रोज सकाळी ह्यांची दाढी करते तेव्हा हे डोळे मिटून घेतात. माझ्याकडे बघायचं टाळतात.

१४ जानेवारी

संक्रांत. शुभाकडे तिळगूळ दिला. एक लाडू ह्यांना कुस्करून भरवला.

बिल्डिंगच्या मागे कुंपणाच्या आत जांभळाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला धोंडा. वॉचमन सांगत होता की पाया खणताना मजुरांनी त्याला हात लावायला नकार दिला, म्हणून कॉन्ट्रॅक्टरने तेवढा तुकडा सोडला. म्हणजे या जागेचा राखणदार. आमच्याकडे कोकणात नव्या जागेत राहायला गेलं की राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. आम्ही आलोय, सांभाळून घे, एवढंच सांगायचं असतं. ते सांगितल्याशिवाय माणूस नुसताच राहतो, वस्तीला येत नाही. गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ह्यांची जीभ आता धड वळत नाही, म्हणून भांडुपला ह्यांचा चुलतभाऊ धाकू राहतो त्याला निरोप धाडला. रविवारी येतो म्हणाला.

१९ जानेवारी

आजचा दिवस लिहायचा म्हणजे हात जड होतो. सकाळी हे न्हाणीत पडले. मी उचलायला गेले तर माझाही गुडघा दगा देऊन बसला. दोघं ओल्या फरशीवर. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर आणि माझा ह्यांच्या कमरेत, आणि उठता येईना. हे रडले. सदतीस वर्षांत ह्यांना रडताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. शुभाने हाका ऐकल्या म्हणून बरं.

त्यात धाकू आला नाही, त्याला ड्यूटी लागली. नारळ, पानविडा सगळं ताटात तयार. मला असा राग आला, स्वतःचा, ह्यांचा, देवाचा. म्हटलं, बाईने घातलेलं गाऱ्हाणं देवाला ऐकू येत नाही का? खुर्ची जांभळाखाली नेली, ह्यांना बसवलं आणि मीच नारळ ठेवून सुरू केलं. बा राखणदारा, आम्ही तुझ्या जागेत आलो. माझ्या माणसाला उभा कर. त्याला पूर्वीसारखा कर. त्याच्या बदल्यात माझ्याकडचं लागेल तेवढं घे. हे खुर्चीतून वाकड्या तोंडाने म्हणाले, व्हय म्हाराजा.

मन हलकं झालं. घरी येऊन दोघांनी नारळाची वडी खाल्ली.

२ फेब्रुवारी

ह्यांच्या डाव्या हाताची बोटं हलली. आधी मला भास वाटला, मग ह्यांनी चहाचा कप उचलून दाखवला. डॉक्टर म्हणाले की कधी कधी होतं असं, व्यायाम चालू ठेवा. मी याचं श्रेय व्यायामाला देणार नाही, पण डॉक्टरांना कशाला सांगा.

तोंडही सरळ झालंय. आज मला पूर्वीसारखं मालन म्हणाले, मधला ल धड उच्चारून. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

मला मात्र थकवा आहे. दोन दात भाकरीबरोबर निघून आले. वय झालं, दुसरं काय.

१६ फेब्रुवारी

हे आता एकटे बाजारात जातात. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येतात आणि दारातून मला हाक मारतात. ह्यांचा नवा शर्ट बेतायला घेतला तर टेप खांद्यावर पुरेना. कानशिलाशी केस काळे फुटलेत. मी चिडवलं, माझी मेंदी चोरून लावता काय. हे हसले. हुतूतूच्या मैदानावरचं हसू.

माझे ब्लाऊज सगळे ढगळ झालेत. कंगव्यात केसांचे गुंतवळ येतात. हातावरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. शुभा आता ताई म्हणत नाही, काकू म्हणते.

काल हट्टाने मला जुहूला घेऊन गेले. भेळ घेतली. भेळवाल्याने आधी मला बसायला स्टूल दिलं आणि ह्यांना म्हणाला, तुमच्या आईला तिखट कमी घालू का. हे असे हसले की लोक वळून बघायला लागले. मीही हसले. घरी आल्यावर न्हाणीत नळ सोडून बसले बराच वेळ. मला वाईट वाटलं ते म्हातारी दिसले म्हणून नाही. ह्यांनी त्याला ‘ही माझी बायको’ असं सांगितलं नाही म्हणून.

२ मार्च

धाकूभावोजी आले. ह्यांना बघून दारातच थांबले. हे तेव्हा पस्तिशीचे दिसत होते, मी खोटं कशाला लिहू. भावोजींनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या हातातली केळी खाली ठेवायची राहून गेली.

हे बाहेर गेल्यावर त्यांनी मला खोदून विचारलं, गाऱ्हाणं कोणी घातलं, कसं घातलं. मी सगळं शब्दाशब्दाने सांगितलं. ते डोकं धरून बसले. वयनी, नवसाक माप लागता, म्हणाले. एक कोंबडा देईन, पाच नारळ देईन, असं बोलायचं असतं. राखणदार वाईट नाही आणि चांगलाही नाही, तो बोललेलं पाळतो. लागेल तेवढं घे म्हटल्यावर तो कुठे थांबणार, आणि पूर्वीसारखा कर म्हटल्यावर पूर्वी म्हणजे कुठवर. जन्मभर मी लोकांची मापं घेतली. इंच चुकला तर ब्लाऊज उसवून पुन्हा शिवला. आणि तिथे माप सांगायचं विसरले.

उपाय एकच आहे. मी दिलं, तर मीच जाऊन ते परत मागायचं. मध्ये थांबता येत नाही. परत म्हणजे सगळं परत. माझं मला आणि ह्यांचं ह्यांना, लुळा हातही. भावोजी शिमग्याला गावी निघालेत, पालखी त्यांच्या वाडीची, चुकवता येत नाही. जाताना पाया पडले आणि म्हणाले की माझी वाट बघू नको, उद्याच जा.

उद्या जाईन.

५ मार्च

गेले नाही. हे गॅलरीत उभे राहून डोंगराकडे बघत अंग ताणत होते. दोन्ही हात वर. दोन्ही.

एक दिवस अजून बघू दे.

८ मार्च

पहाटे उठून आंघोळ करून डबा मागायला लागले, पहिल्या पाळीला जायचं म्हणून. संप होऊन वर्षं झाली, मिल बंद, मी सांगितलं. ऐकून घेतलं आणि तरी गेले. दुपारी परत आले ते गोंधळलेले. भिंतीवरचा चंद्रप्रकाशचा फोटो बघून विचारलं, हा कोण?

मी म्हटलं, आपला चंदू. म्हणाले, चंदू तर पाळण्यात आहे.

अंग मागे जातंय तसं मनही जातंय. हे मला आधी कसं कळलं नाही.

शुभाने विचारलं, काका दिसत नाहीत आणि हा तरुण कोण. मी सांगितलं, हे गावी गेलेत, हा पुतण्या. ती बरं आजी म्हणाली. आजी.

१५ मार्च

आज मालन गेली.

मी पाणी मागितलं तर ह्यांनी आणून दिलं, माझं डोकं उचलून पाजलं आणि म्हणाले, आये, तुका बरा नाय काय?

मी म्हटलं, अहो, मी मालन. तर विचारतात, कोण मालन? बरोबरच आहे ह्यांचं. माहेरी मी शेवंती होते. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने ह्यांनीच मालन लिहिलं, तेव्हा मी मालन झाले. हे आता त्या ताटाच्या अलीकडे आहेत. जे नाव अजून ठेवलंच नाही, त्या नावाने मला हाक कशी मारणार?

मग पायाशी बसून, नखाने चटई कुरतडत, हळूच मला सांगायला लागले. आये, रागावू नको. वरच्या वाडीतली शेवंती आहे ना, ती पऱ्ह्याच्या पाण्यावर भांडी घासायला येते, ती बघितलीय मी. सारखी बघायला जातो. तू तिच्या बापाशी बोलशील का?

सदतीस वर्षांत हे कधी सांगितलं नाही मला. मला वाटायचं मामाने स्थळ आणलं, ह्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. मीही तेवढंच समजून संसार केला. आणि हा माणूस पऱ्ह्यावर येऊन बघून जात होता. मला.

मी सांगितलं, बोलेन रे बाबा. करू तुझं तिच्याशीच.

केवढा आनंद झाला त्यांना.

१९ मार्च

आता पुरे. त्याला लुळा झालेला बघेन, पण मला ओळखणारा बघेन. ठरवलं.

चालता येत नाही. त्यानेच पाठुंगळीला घेतलं. आईला देवाला जायचंय म्हणून खूश. त्याच्या मानेचा वास तोच, लग्नानंतरचा. जांभळाखाली बसवलं मला. मी हात जोडले. बा राखणदारा, एवढं म्हटलं.

तेवढ्यात तो माझ्या शेजारी हात जोडून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणायला लागला. माझ्या आयेक बरी कर. तिचे पाय दुखतात. तिचे डोळे गेले. माझी आये कोणाचं वाईट करत नाही.

दोन्ही पाय जमिनीवर घट्ट. घोटे, पोटऱ्या. याच पायांसाठी तो न्हाणीत रडला होता. मी जोडलेले हात सोडले. मी त्याचे पाय कसे मागू?

त्याची आई तर माझं लग्न झालं त्याच वर्षी गेली. हे गाऱ्हाणं कोणाच्या नावे लागलं, कोण जाणे.

परत पाठुंगळीला घेऊन आला. हलकी झालीस गो आये, म्हणाला.

२२ मार्च

मिशी गेली. आवाज फुटतोय. शर्ट खांद्यावरून घसरतो, मी शिवलेला शर्ट.

शेवंती कोण म्हणून विचारलं मी. माहीत नाही म्हणाला. लाजला पण नाही.

मी म्हटलं होतं, त्याचे पाय कसे मागू. आता कळतंय, ते थांबणार नाहीच. तो लहान होत जाणार आणि मी— मग त्याला कोण बघणार? मी गेल्यावर या घरात एक पोर, ज्याचं कोणी नाही. चंदू विमानातून उतरेल आणि विचारेल, बाबा कुठे—

आज जायचं. सरपटत. मला ते परत मागायला हवं.

दुपारी

गॅलरीपर्यंत पोचले. पायरी उतरता येईना. शुभाला हाक मारली. आवाज निघत नाही नीट, दात नाहीत, तिला वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं. डोक्यावरून हात फिरवला. आजी, नातवाला सांगा ना, म्हणाली.

नातू.

जांभूळ दिसतं इथून. म्हणजे हिरवं काहीतरी. इथूनच म्हटलं, परत दे. ऐकू जात असेल का? जवळ जावं लागतं का? धाकूभावोजींना विचारायला हवं होतं—

२४ मार्च असावी

अक्षर दिसत नाही. बोटाने ओळ चाचपत लिहिते.

पोर माझ्या कुशीत झोपतं. पोर लिहिलं मी. सहदेव. सहदेव. मी नाव घेते आता, लाज कसली, त्याचं मोठं माणूस आहे कोण इथे. मशीनवर चढून चाक फिरवतो दिवसभर. हसतो. उजव्या भुवईजवळ तो व्रण नाही, तो अजून व्हायचाय, झाडावरून पडणार आहे तो—

मी सांगते त्याला गोष्ट. एक सहदेव होता, हुतूतू खेळायचा. एक शेवंती होती. भांडी घासायची. तो विचारतो, मगे?

मगे काय, लग्न—

२५

भूक लागली म्हणून रडतोय. आये, माका भूक लागली. उठता येत नाही. डबा वर आहे. त्याचा हात पोचत नाही, माझाही—

दार वाजतंय. शुभा. कडी मी लावली, मला काढता—

सहदेव, कडी काढ रे राजा. स्टूल घे. हो. तसं.

ती आत येईल. त्याला उचलून घेईल, चांगली आहे ती, खायला देईल. मग मला विचारेल, आजी, पोलिसांना, चंदूला, कोणाला तरी सांगायला हवं, हा कोणाचा. बोलता येणार नाही मला. म्हणून इथे लिहून ठेवते, तिने वाचावं. शुभा, याला टाकू नको. याचं इथे कोणी नाही असं समजू नको. मी याची आजी नाही. आई पण नाही. हा माझा